बरी झालेली मुलगी

"जीभ बाहेर काढ. अजून. आणि मान अशी, एका बाजूला टाकायची," दुधाळ सर सांगत होते.

समोर व्हरांड्यात संस्थेच्या वसतिगृहातली मुलं ओळीनं बसली होती. खणखणीत, शहाणी मुलं. पाढे पाठ असणारी, झाडावरून उड्या मारणारी. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याहून तपासणीला साहेब येणार होते आणि आमच्या मतिमंद विद्यालयाच्या पटावर जितकी नावं होती, त्याच्या निम्मीही मुलं खरी नव्हती. म्हणून दर तपासणीला रस्त्यापलीकडच्या वसतिगृहातून ही भरती व्हायची. मुलांना जिलेबी मिळायची आणि शाळेला अनुदान.

दुधाळ सर आमचे मुख्याध्यापक. अध्यक्षांचे जावई, ही त्यांची पदवी. मुलांना वेड शिकवताना मात्र ते मन लावून शिकवत. एरवी त्यांना मी कधी फळ्यापाशी पाहिलं नाही.

"तोडकर बाई, जरा इकडं या," त्यांनी मला हाक मारली. "तुम्ही ट्रेनिंग घेतलेल्या. खरं वेडं पोर कसं बसतं ते यांना एकदा करून दाखवा बघू."

ओठांवर आलेलं उत्तर मी गिळलं. ते उत्तर फार चांगलं होतं, अजून आठवतं. पण नोकरी कायम व्हायची होती. मी म्हणाले, "माझ्या पोरांना संडासला न्यायची वेळ झालीय, सर."

"जा, जा. ते महत्त्वाचं," ते हसून म्हणाले.

ते खरोखरच महत्त्वाचं होतं, हे त्या माणसाला मरेपर्यंत कळलं नसेल. लोक मला विचारत, बाई, तुम्ही या मुलांना नक्की शिकवता काय? काही बायका हात जोडून म्हणत, केवढं पुण्याचं काम! पुण्य वगैरे काही नव्हतं. सकाळी आल्याआल्या कोणाची चड्डी ओली आहे ते बघायचं. वेळेवर संडासला बसवायचं आणि झालं की टाळ्या वाजवायच्या. चमचा मुठीत धरवायचा, तो तोंडाशी नेईपर्यंत कोपराला हात लावून थांबायचं, आणि एक दिवस हळूच तो हात काढून घ्यायचा. कुणाला फिट आली तर कुशीवर वळवायचं. कुणी स्वतःचं मनगट चावत असेल तर त्याच्या हातात दुसरं काहीतरी द्यायचं. मोठ्या मुलींना त्या चार दिवसांत काय करायचं ते शिकवायचं, महिनोन्महिने, न लाजता, न रागावता. एवढं सगळं करून वर्षाकाठी एखाद्या पोराला शर्टाचं बटण लावता येई. त्या दिवशी मी घरी जाऊन गोड करून खात असे. एकटीच. सांगितलं तर कुणाला कळलं नसतं.

माझ्या वर्गात कौसल्या होती. सतरा-अठराची, गोरी, नाकीडोळी नीटस. तिची आई भामाबाई कासार पेठेत बांगड्यांचं दुकान चालवायची. वडील कौसल्या लहान असतानाच गेले होते. ही पोर आली तेव्हा कोपऱ्यात तोंड करून बसायची आणि भूक लागली की रडायची. पुढं ती वेणी घालायला शिकली. बांगड्या रंगांप्रमाणे वेगळ्या करायला लागली. स्वतःचं पूर्ण नाव, गाव, आईचं नाव घडाघडा सांगायला लागली. आल्यागेल्याला वाकून नमस्कार करायची. तिच्याकडं बघून कुणाच्या लक्षात यायचं नाही. तेच माझं यश, असं मी समजत होते.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. शाल, नारळ, शहाळ्याचं पाणी, सगळं रीतसर झालं. मग ते ओळीतून फिरायला लागले. वसतिगृहातल्या पोरांनी कमाल केली होती. एक जण डोळे तिरळे करून बसला होता, एक स्वतःशीच हसत होता. एकानं तर इतकी लाळ गाळली की सदरा भिजला. साहेब त्याच्यापुढून सरकले तसं त्यानं बाहीला तोंड पुसलं आणि स्वच्छ आवाजात विचारलं, "सर, झालं का आता?"

साहेब पंख्याकडं बघत राहिले. फार बारकाईनं पंखा बघितला त्यांनी.

मग ते कौसल्यापुढं थांबले. तिनं इस्त्रीचा गणवेश घातला होता, रिबिनी बांधल्या होत्या. वाकून नमस्कार केला.

"नाव काय तुझं?"

"कौसल्या दत्तात्रय कासार. आईचं नाव भामाबाई. राहणार पेठ, मारुतीच्या देवळामागं."

"वा! शाळा आवडते?"

"हो."

"जेवण मिळतं पोटभर?"

"हो."

"बाई मारतात का?"

"हो," ती हसून म्हणाली.

सगळा हॉल हसला. साहेबही हसले. "हजरजबाबी आहे," ते म्हणाले. मी कधी तिला बोटही लावलं नव्हतं. मी एकटी हसले नाही.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. इतकी खोटी वेडी पोरं बघून न बघितल्यासारखं केल्यावर त्यांना कुठंतरी आपला प्रामाणिकपणा दाखवायचा होता. "अहो, ही मुलगी इथं कशाला? ही तर चांगली आहे."

दुधाळ सर एका क्षणात वितळले. "बरोबर ओळखलंत साहेब! आली तेव्हा फार वाईट अवस्था होती. आपल्या संस्थेनं मेहनत घेतली. आता पूर्ण बरी झालीय. नाव काढूनच टाकणार होतो. खोटी नावं ठेवायची नाहीत, हे आमच्या अध्यक्षांचं तत्त्व आहे."

मी पुढं झाले. "साहेब, ती बरी झालेली नाही. हे बरं होण्याचं दुखणं नसतं. तिला शिकवलेलं येतं, पण—"

"बाई," साहेब शांतपणे म्हणाले, "मला तर ती तुमच्या-माझ्यासारखी वाटते. तुमचं म्हणणं वेगळं असेल तर विचारा तिला एखादा प्रश्न. इथंच, सगळ्यांसमोर. बघू या."

काय विचारायचं ते मला माहीत होतं. कौसल्या माझ्याकडं बघत होती. तिला वाटत होतं, बाई आता आणखी एक विचारणार आणि तेही मला येणार. कित्येक वर्षं मी तिला येईल तेच विचारत आले होते. आजूबाजूला शाली पांघरलेले पुरुष शहाळी पीत उभे होते. त्यांची करमणूक मी करणार नव्हते.

"नाही विचारत," मी म्हणाले.

"मग झालं तर," साहेब म्हणाले, आणि सगळे जेवायला गेले.

अशा रीतीनं आमच्या शाळेतली खोटी मुलं सगळी खरी ठरली आणि खरी मुलगी खोटी ठरली. तपासणीच्या अहवालात लिहून आलं की संस्थेच्या अथक प्रयत्नांमुळे एक विद्यार्थिनी पूर्ण बरी झाली. दुधाळ सरांनी लगेच गावातल्या छापखान्यातून निघणाऱ्या साप्ताहिकात फोटो छापून आणला. फोटोत मधोमध दुधाळ सर होते. कौसल्या कडेला अर्धी.

दोन दिवसांनी भामाबाई पेढे घेऊन माझ्या घरी आली. दारातच माझ्या पायांवर डोकं ठेवायला लागली. मी तिला उठवून बसवलं.

"बाई, माझं पांग फेडलं तुम्ही. सायबानं सांगितलं, पोर बरी झाली म्हणून."

"भामाबाई, ऐका माझं. साहेब म्हणाले म्हणून कुणी बरं होत नाही."

"लिवून दिलंय की."

"ते काय डॉक्टर आहेत?"

"सायब हाईत," ती म्हणाली. तिच्या मते विषय तिथं संपला होता.

मी तिला समजावलं. कौसल्याला शिकवलेलं करता येतं, पण न शिकवलेलं समोर आलं तर ती गोंधळते. तिला बरंवाईट ओळखता येत नाही. ती कोणावरही विश्वास ठेवते. भामाबाईनं मान हलवत सगळं ऐकलं. मग पेढ्याच्या पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, मला दम्याचा त्रास हाय. रातीला झोप लागत न्हाई. डोळं मिटलं की एकच दिसतं, मी मेल्यावर हिचं कोण? तुम्ही सांगा. हाय का तुमच्याकडं उत्तर?"

या कामात सगळ्या आया हेच विचारतात.

"दुधाळ सर स्थळ बघत्यात," ती म्हणाली. "बिजवर हाय, पर घरचं चांगलं हाय. लगीन संस्थेच्या हॉलात करून देणार म्हणालेत. मंत्री येणार अक्षता टाकायला."

म्हणजे फोटोनं भागलं नव्हतं. बरी झालेल्या मुलीचं लग्नही संस्थेच्या नावावर लागायचं होतं.

"पाहुणे रविवारी येणार," भामाबाई निघताना म्हणाली. "तुम्ही या. कशी शिकली ते तुमच्या तोंडून सांगा."

मी गेले. दुकानामागच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. दुधाळ सर भिंतीला टेकून बसले होते, जसं काही तेच मुलीचे मामा. नवरा मुलगा श्रीपती चाळिशी ओलांडलेला. तोंडात सुपारी, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. पहिल्या बायकोची दोन मुलं होती, धाकटं अजून रांगतं होतं. ते त्याच्या आत्याच्या, श्रीपतीच्या बहिणीच्या, मांडीवर होतं. बोलायचं काम ही आत्या करत होती. चांगली धिप्पाड बाई. खोलीत आल्यापासून तिनं कौसल्याचे दंड, पाठ, पाय असं सगळं नजरेनं तोलून घेतलं होतं. बाजारात बैल बघतात तेव्हा निदान त्याच्या पाठीवर थाप तरी मारतात.

कौसल्यानं पोहे आणले. एकही ताटली न सांडता सगळ्यांना दिली. ते मीच शिकवलं होतं. नमस्कार केला. नाव सांगितलं. भामाबाईचा चेहरा असा उजळला होता, मी तो तसा कधी पाहिला नव्हता.

"सैपाक येतो का गं?" आत्यानं विचारलं.

"हो."

"सगळ्या घराच्या भाकरी?"

"हो."

"पाटं उठतीस?"

"हो."

"लेकरं सांभाळशील न्हवं?"

"हो."

तिला भाकरी येत नव्हती. पीठ मळताना पाणी किती घालायचं ते सांगायला शेजारी बसावं लागायचं.

"बघा!" दुधाळ सर म्हणाले. "आमच्या बाईंनी घडवलंय. सांगा बाई, तुम्ही पण बोला काहीतरी."

"मी तिला एक विचारू?" मी म्हणाले.

"विचारा, विचारा."

मी कौसल्याच्या समोर जाऊन बसले. तिनं हिरवी साडी नेसली होती, आईची. निऱ्या जरा वर झाल्या होत्या. ती माझ्याकडं बघून हसली, तपासणीच्या दिवशी हसली होती तशीच. मी माझा आवाज नेहमीसारखाच ठेवला, वर्गातला.

"कौसल्या, पेटलेल्या चुलीत हात घालशील?"

"हो."

"अंगणात आड आहे. त्यात उडी मारशील?"

"हो बाई."

आत्याच्या मांडीवरचं बाळ झोपलं होतं. मी त्याच्याकडं बोट दाखवलं. "आणि मी म्हटलं, हे बाळ त्या आडात टाकून ये. टाकशील?"

"हो," ती म्हणाली आणि उठायला लागली. मी तिचा हात धरून खाली बसवलं.

भामाबाईच्या हातातली चहाची किटली तशीच राहिली. ज्याला कळायचं त्याला कळलं होतं: कौसल्या आजवर कुणालाही नाही म्हणालेली नव्हती. तिला तो शब्दच नव्हता. समोरचा माणूस हसून काही विचारतो तेव्हा त्याला हो हवं असतं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. जन्मापासून आम्ही सगळ्यांनी त्यासाठीच तर तिच्या पाठीवर थापा मारल्या होत्या.

"बाईंना चेष्टेची सवय आहे," दुधाळ सर घाम पुसत म्हणाले.

मला वाटलं, आता हे पाहुणे उठून जातील. चप्पल घालताना दोन वाईट शब्द बोलतील, आणि सुटका होईल. इतकी वर्षं या कामात काढूनसुद्धा शहाण्या माणसांबद्दल माझे काही गैरसमज शिल्लक होते.

आत्यानं बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. जरा विचार केला. मग म्हणाली, "लेकरू जवळ द्यायचं न्हाई मग, एवढंच की. बाकी काय वाईट हाय? ऐकनारी हाय. पयली लई उलट बोलायची."

श्रीपतीनं कॅलेंडरवरची नजर पहिल्यांदा काढली. कौसल्याकडं बघितलं, खालपासून वरपर्यंत. "तसलीच बरी," तो म्हणाला.

"झालं तर!" दुधाळ सरांच्या जिवात जीव आला. "पसंती आली म्हणायची. भामाबाई, साखर आणा."

भामाबाईनं किटली खाली ठेवली. ती श्रीपतीपुढं गेली आणि त्याच्या हातातली पोह्यांची ताटली काढून घेतली. त्याचा घास अर्धा तोंडात होता.

"पयलीला काय झालं हुतं?" तिनं विचारलं.

"आता ते कशाला काढायचं?" आत्या म्हणाली.

"मग उठा."

"आवो, पर—"

"उठा म्हनलं न्हवं!"

भामाबाईचा आवाज मी पहिल्यांदाच इतका मोठा ऐकला. तिला धाप लागली होती. दाराची चौकट धरून ती उभी राहिली आणि पाहुणे तिच्या बाजूनं अंग चोरून बाहेर पडले. दुधाळ सर शेवटी राहिले.

"भामाबाई, जरा शांतपणे विचार करा. हॉल ठरलाय. मंत्र्यांची तारीख घेतलीय हो मी!"

"मंत्र्याचंच लावून द्या की मग," ती म्हणाली.

सर गेले. भामाबाई भिंतीला टेकून खाली बसली. श्वास जरा बसल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत उपकाराचा लवलेशही नव्हता.

"ह्ये सायबापुढं इचारता आलं न्हाई तुमाला?"

"तिथं सगळे हसले असते."

"हितं काय येगळं झालं?"

"इथं तुम्ही होतात," मी म्हणाले.

कौसल्या खोलीच्या मधोमध उभी होती. रिकाम्या सतरंजीकडं बघत होती. "पाव्हणं गेले," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "बाई, माझं चुकलं?"

"नाही गं. तुझं नाही चुकलं."

तिचा विश्वास बसला नाही. खूप वेळ रडत होती ती. आईनं तिला कुशीत घेतलं आणि साडीच्या निऱ्या सोडवून, उगी उगी म्हणत तिचा रोजचा झगा अंगात घातला.

सोमवारी मी दुधाळ सरांकडं गेले. कौसल्याला परत घ्या म्हणाले. त्यांनी माझ्याकडं कीव करत बघितलं.

"कसं घेणार बाई? बरी झालेली मुलगी परत आजारी पडली म्हणून कळवू का वर? संस्थेची काय अब्रू राहील?"

"आणि ती वसतिगृहातली पोरं? त्यांची कधी बरी व्हायची वेळ आहे?"

"तोडकर बाई," ते खुर्चीत मागं रेलत म्हणाले, "तुम्हाला कायम व्हायचंय की नाही?"

त्यांनी प्रश्न हसून विचारला होता. त्यांना हो हवं होतं.

"नाही," मी म्हणाले.

आज त्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. मी त्यानंतर वरपर्यंत तक्रारी केल्या, त्या जिथं जायच्या तिथं गेल्या. दुधाळ सरांना पुढं जिल्ह्याचा पुरस्कार मिळाला, दिव्यांगांच्या सेवेबद्दल. मी सत्काराला गेले नाही. मला बोलावलंही नव्हतं.

भामाबाईच्या दुकानाच्या ओट्यावर मी सकाळचा वर्ग सुरू केला. आधी कौसल्या एकटीच, मग आणखी दोन-तीन आया आपली पोरं घेऊन आल्या. चमचा, बटण, संडास, सगळं तेच. फक्त कौसल्याला मी दुसरं नवीन काही शिकवत नव्हते. रंग नाहीत, आकडे नाहीत. रोज तिच्यासमोर बसून एकेक विचारायचे. "माती खाशील?" "हो." "वेणी कापू तुझी?" "हो." मग मी मान आडवी हलवून उत्तर सांगायचे आणि ती माझ्यासारखी मान हलवायची; पण पुढच्या प्रश्नाला पुन्हा हो. येणारेजाणारे थांबून ऐकायचे आणि म्हणायचे, त्या पोरीपेक्षा या बाईचंच डोकं तपासायला पाहिजे. भामाबाई आतून ऐकायची. पहिल्या उन्हाळ्यात ती हसायची. दुसऱ्या उन्हाळ्यात हसेनाशी झाली.

एका बाजाराच्या दिवशी दुकानात गर्दी होती. पेठेतल्या सराफाची बायको आली होती. अंगभर सोनं, आणि चार काचेच्या बांगड्यांसाठी मघापासून घासाघीस चालली होती. भामाबाई कमी करेना, तेव्हा ती कौसल्याकडं वळली. कौसल्या बांगड्यांचे रंग लावत बसली होती.

"तू तरी देतेस का गं फुकट दोन?" ती गोड हसून म्हणाली. "देतेस ना?"

कौसल्यानं वर बघितलं. त्या हसऱ्या तोंडाकडं बघितलं. तिचे ओठ हलले, थांबले. मी ओट्यावर एका पोराचं बटण लावत होते, तिथंच हात थांबला.

"न्हाई," कौसल्या म्हणाली.

"बघा तरी!" सराफीण चिडली. "वेडी म्हणून गोड बोलले, तर पोरगी केवढी उद्धट!"

भामाबाईनं दुसऱ्या गिऱ्हाईकाच्या मनगटावरची बांगडी अर्ध्यातच सोडली. सगळं दुकान सोडून ती लेकीपुढं येऊन बसली.

"परत म्हन गं," ती म्हणाली.